माग विकले आणि मी संपलो, ही दोन वाक्यं एकच आहेत का?

टॉवेलवाला · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. जन्मभर धागेच जोडले, तरी हा मध्येच तुटला तर सांभाळून घ्या.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना होता. 'कारखाना' ही आपली सोलापुरी बोलायची पद्धत, होते सहा माग. तीन वर्षांपूर्वी विकले. मागाला गिऱ्हाईक नव्हतं, भंगाराला होतं. जागेवरच कापले, टेम्पोत चढवले, काट्यावर वजन केलं आणि किलोच्या भावानं पैसे दिले. पावतीवर सही करताना तो भंगारवाला म्हणाला, "शेठ, धोटे ठेवा तुम्हाला. लाकूड आहे, आम्हाला काय उपयोग?" अकरा धोटे निघाले, मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारे. ते पोत्यात घालून स्कूटरवर पुढं ठेवून घरी आलो.

पुढचे आठ-नऊ महिने कसे गेले ते मला सलग आठवत नाही. पहाटे चारला जाग यायची आणि उजाडेपर्यंत एकच रीळ फिरत राहायचं. दाढी नाही, जेवणाला चव नाही, टीव्ही चालू असायचा पण काय लागलंय ते विचारू नका. आमच्या पेठेत पाणी चार-पाच दिवसांनी येतं. एकदा पाण्याच्या दिवशी घरात मी एकटाच. नळाचा आवाज ऐकू येत होता, आणि मी उठलो नाही. मोटर लावायला दहा पावलं लागतात. पाणी येऊन गेलं. बायको आली, रिकामी टाकी बघितली आणि मला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेली.

गोळ्या चालू झाल्या, सोबत समुपदेशन. तिथल्या बाईंनी शंभर पानी वही आणायला सांगितली. मन खचलं की त्या क्षणी डोक्यात नेमकं कोणतं वाक्य होतं ते लिहायचं. 'वाईट वाटलं' असं नाही, वाक्य. मी लिहिलं : "सगळे हसतात." त्या म्हणाल्या, सगळे म्हणजे कोण, नावं लिहा. खूप वेळ लावून तीन नावं निघाली. त्यातला एकजण तर माझ्याकडून सुताच्या व्यापाऱ्याचा नंबर मागायला आला होता.

दुसरं वाक्य होतं : "आप्पा मला कधी माफ करणार नाहीत." आप्पा म्हणजे वडील, माग त्यांनी उभे केलेले. हे वाक्य मी दोन वर्षं बाळगलं. बाई म्हणाल्या, विचारलंत का त्यांना? मी म्हटलं, असं कसं विचारणार! शेवटी एका संध्याकाळी गच्चीवर विचारलं. आप्पा म्हणाले, "मी तर तू कॉलेजात असतानाच विकायला काढले होते. गिऱ्हाईक पण ठरलं होतं. तुझी आई आडवी पडली, पोराला काहीतरी राहू द्या म्हणून." आणि वर, "एवढ्यासाठी झोपून होतास व्हय?"

हसावं की रडावं कळेना.

आता माझा प्रश्न. मेव्हणा म्हणतो, बघा भाऊजी, सगळं मनाचे खेळ असतात, मी पहिल्यापासून सांगत होतो पॉझिटिव्ह राहा. मला हे ऐकून बरं वाटायला हवं, पण डोकं फिरतं. माझ्याच विचारांनी मला पाडलं हे खरं असेल, तर पडलो तो माझ्याच चुकीनं, असंच झालं ना? तुम्हाला काय वाटतं?

---

कडक_भाकरी · सोमवार, रात्री १०:३५

आप्पांना दंडवत. "एवढ्यासाठी झोपून होतास व्हय" हे फ्रेम करून लावा.

---

हिशेबनीस · सोमवार, रात्री ११:०४

तुमच्याबद्दल आदर ठेवून विरोधी सूर लावतो.

हे 'विचार बदला, आयुष्य बदलेल' प्रकरण मला पहिल्यापासून संशयास्पद वाटतं. मी बिडी कामगारांच्या वस्तीत वाढलो. आई हजार बिड्या वळायची, कारखान्यात मोजून द्यायची, त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढायचे, आणि त्या खराब ठरलेल्यांचे पैसे नाहीत. रात्री पाठीला तेल लावताना ती रडायची. तिचे कोणते विचार चुकीचे होते? वहीत काय लिहिलं असतं तिनं? "मजुरी कमी आहे." पुरावा? मजुरी कमी आहे.

तुमचे माग का गेले? सूत महागलं, वीज महागली, नव्या मशिनी आल्या, ऑर्डरी दुसरीकडं गेल्या. हे डोक्याबाहेर घडलं. गिरण्या बंद पडल्या तेव्हाही घरोघरी माणसं भिंतीकडं तोंड करून झोपली होती, त्यांना कुणी वही दिली नाही. पगार द्यायला हवा होता.

शिवाय तुम्हा मंडळींना माहीत नसेल तर सांगतो : १९७९ साली अलॉय आणि अब्रामसन या दोघींनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. बटण दाबायचं, हिरवा दिवा लागतो का बघायचं, आणि दिवा आपल्या बटणामुळं किती लागतो याचा अंदाज सांगायचा. उदास मुलांचे अंदाज जास्त बरोबर निघाले. आनंदी मुलं स्वतःला उगाच दिव्याची मालक समजत होती. म्हणजे उदास माणसाला कदाचित खरं दिसत असतं.

---

सुईदोरा · सोमवार, रात्री ११:४८

मी समुपदेशक आहे, सात रस्त्याच्या आसपास काम करते. (टॉवेलवाल्यांच्या बाई मी नव्हे, आधीच सांगते.)

हिशेबनीस, तो बटणाचा प्रयोग प्रसिद्ध आहे, पण २०२२ मध्ये मोठ्या संख्येवर पुन्हा करून पाहिला तेव्हा तो निकाल मिळाला नाही. तेव्हा 'उदास तोच शहाणा' यावर फार भार टाकू नका. तुमच्या आईबद्दलचं मात्र शंभर टक्के मान्य. कमी मजुरीवर उपाय म्हणजे जास्त मजुरी. जो समुपदेशक तिथं वही काढेल त्याला वहीसकट घरी पाठवा.

आता मूळ प्रश्न. ॲरन बेक हे फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ. शिक्षण फ्रॉइडच्या पठडीतलं. त्या पठडीत मानायचे की नैराश्य म्हणजे आत वळलेला राग. बेक हे सिद्ध करायला रुग्णांची स्वप्नं तपासायला बसले, आणि स्वप्नांत राग सापडेना. सापडत होतं ते हरणं, गमावणं, नाकारलं जाणं. मग त्यांच्या लक्षात आलं की कोचावर पडून माणूस एक बोलत असतो आणि त्याच वेळी त्याच्या मनात दुसरीच एक बारीक ओळ चालू असते : 'डॉक्टरांना माझा कंटाळा आला असणार.' ही ओळ आपण ठरवून आणत नाही. ती आपोआप येते, भुर्रकन जाते, आणि मागं फक्त मूड उरतो. बेकनी त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं. १९६० च्या दशकात त्यातून उपचारपद्धत उभी राहिली. त्यांचं म्हणणं, नैराश्यात या ओळी तीनच गोष्टींबद्दल असतात : मी असा, जग असं, आणि पुढंही असंच.

'आपोआप' हा शब्द धरून ठेवा, टॉवेलवाले. तुम्ही ते विचार केले नाहीत, ते आले. आणि नैराश्य सुरू झालं की ते जास्त येतात. विचारामुळं मूड खाली जातो, मूड खाली गेला की तसलेच विचार वर येतात, वाईट आठवणीसुद्धा त्याच जातीच्या आठवतात. हा रहाट आहे. रहाट फिरतोय म्हणून त्याला बांधलेल्या बैलाला दोष देतात का?

तेव्हा तुमच्या मेव्हण्यांना सांगा की वहीत तुम्ही पॉझिटिव्ह विचार लिहिला नव्हता. "सगळे माझं कौतुक करतात" असं लिहिलं होतंत का? नाही. तुम्ही नावं मोजलीत.

---

टॉवेलवाला · मंगळवार, सकाळी ७:२०

@सुईदोरा, हे मापाचं बोललात. ताण्याचा एक धागा तुटला आणि मागवाल्याचं लक्ष नसलं की टॉवेलवर उभी रेघ पडत जाते. माग थांबत नाही, कापड येतच राहतं, वारच्या वार. सगळं सूत खराब नसतं, एकच धागा तुटलेला असतो. पण तो शोधायला माग बंद करावा लागतो. वही म्हणजे तेच होतं बहुतेक.

@हिशेबनीस, तुमचंही मनाला लागलं. आणि एक कबुली द्यायची राहिली. त्या तीन नावांत माझे चुलते होते. ते खरंच हसत होते. लग्नात चारचौघांत म्हणाले, "याच्या हातात दिलं की राखच." म्हणजे तीनपैकी एक विचार अगदी बरोबर निघाला. त्याचं काय करायचं हे वहीत येत नव्हतं.

---

परतलेला_पंप · मंगळवार, सकाळी ९:०२

काका, तुमचे माग तर माझी नोकरी. पुण्यात सहा वर्षं आयटीत होतो, कपात झाली, हुतात्मा एक्सप्रेसनं परत आलो. स्टेशनवर उतरलो तेव्हा डोक्यात एकच वाक्य : 'सोलापुरात राहिला म्हणजे मागं पडला.'

हे वाक्य कुणी मला शिकवलं नाही, आणि सगळ्यांनी शिकवलं. दहावीत नंबर आला की "आता पुण्याला पाठवा". मामा विचारणार, "पुण्यातच असतो ना?" तो 'च' ऐका बे. लग्नाच्या स्थळाला मुलगा पुण्यात. वाढदिवसाचा केकसुद्धा पुण्याहून आला की भारी. आख्ख्या गावानं मिळून एक समज करून ठेवलाय आणि तो घेऊन आपण आरशासमोर उभे राहतो.

आता जुळे सोलापुरात बसून दोन क्लायंटचं काम करतो, पैसे पुण्यापेक्षा थोडे कमी, पण भाडं नाही, आईच्या हातची शेंगाचटणी आहे, चारला उठून ट्रॅफिकमध्ये मरायचं नाही. कागदावर मांडलं तर मी सुखी असायला पाहिजे. पण कुणी "परत आलास?" विचारलं की अजून पोटात खड्डा पडतो.

---

सुईदोरा · मंगळवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, थोडक्यात.

पंप, तू तो 'च' बरोबर पकडलास. अल्बर्ट एलिस नावाचे न्यूयॉर्कचे गृहस्थ होते, १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली पद्धत मांडली. मराठीत ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते, कि. मो. फडके सरांनी ती आपल्याकडं रुजवली. एलिस म्हणायचे, घटना आणि भावना यांच्या मध्ये एक समजूत बसलेली असते, आणि माणसाला छळते ती मागणीच्या रूपातली समजूत. इंग्रजीत त्यांना ती समजावायला पुष्कळ शब्द खर्चावे लागले. आपल्याकडं एक अक्षर पुरतं. 'मला मान मिळावा' ही इच्छा. 'मला मान मिळायलाच पाहिजे' इथं आजार सुरू. इच्छा पुरी झाली नाही तर दुःख होतं, आणि व्हावंही. 'च' पुरा झाला नाही तर माणूस कोसळतो.

टॉवेलवाले, चुलत्यांचं उत्तर इथं आहे. बेकच्या वहीत "चुलते हसतात का?" एवढंच तपासता येतं, आणि ते हसतात. एलिस पुढचं विचारतील : हसतात, बरं, मग? 'चुलत्यांनी हसता कामाच नये' हे कुठं लिहून ठेवलंय? आणि ते हसले म्हणजे तुम्ही राख झालात का? इथं विचार खोटा पाडायचा नाही, त्यातला 'च' काढायचा. वाईट वाटेल. वाटू दे.

एलिसबद्दल एक गंमत. ते तरुणपणी बायकांशी बोलायला घाबरायचे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. त्यांनीच सांगितलेला हिशेब : १३० जणींजवळ जाऊन बसले, ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं, ती आली नाही. पण भीती गेली.

(मुलांनो, पार्कवर जाऊन हा प्रयोग करू नका. पोलीस एलिस वाचत नाहीत.)

---

कडक_भाकरी · मंगळवार, दुपारी १:४०

सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर १३० जणींशेजारी बसायला जागा तरी मिळेल का?

---

गोळी_रोज_सकाळी · मंगळवार, संध्याकाळी ६:३०

सगळं छान चाललंय पण मला एक राग काढायचाय.

माझं नैराश्य 'च' नं आलं नाही. सगळं नीट होतं. नोकरी, घर, मुलगी. एका पावसाळ्यात काहीतरी विझलं. घरच्यांनी वर्षभर विचारच दुरुस्त केले. "जास्त विचार करतेस." "चांगलं चांगलं बघ." जाऊ अनुष्ठान करून आली. वर्षानं कुणीतरी रक्त तपासायला लावलं, थायरॉइड पार बिघडलेलं. ती गोळी चालू झाली, निम्मं धुकं त्यानं गेलं. उरलेलं डिप्रेशनच्या गोळीनं, तेही पहिल्या दिवशी नाही. मला पाच आठवडे लागले. तिसऱ्या आठवड्यात गोळी फेकून देणार होते, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून थांबले.

तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर वही नंतर. आधी डॉक्टर, थायरॉइड, बी-१२, सगळं बघून घ्या. विचार हा एक दरवाजा आहे. प्रत्येकाचा आजार त्याच दरवाजातून येत नाही.

आणि आता चिडू नका, पण बरी झाल्यावर लक्षात आलं की माझ्याही मनात एक समज होताच : 'सगळं असून रडते म्हणजे मी कृतघ्न.' आजार त्यानं आला नाही. पण वर्षभर डॉक्टरकडं गेले नाही ते त्याच्यामुळं.

---

हिशेबनीस · मंगळवार, रात्री ८:१०

@गोळी, ताई, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांनी माझी निम्मी हवा काढली.

आईचंच सांगतो. मजुरी कमी होती हे खरं. पण ती मजुरीला रडायची नाही, हे मला आज लिहितालिहिता आठवतंय. ती म्हणायची, "माझ्या पोटी आलास म्हणून तुझी शाळा सुटणार." ते वाक्य मजुरीपेक्षा जड होतं. शाळा सुटली नाही, बीकॉम झालो. ती बघायला होती, पण तिचं वाक्य काही गेलं नाही. पदवी घेऊन आलो तेव्हाही म्हणाली, "माझ्या पोटी आला नसतास तर डॉक्टर झाला असतास."

मूळ मुद्दा सोडत नाही. पण असो.

---

निवृत्त_बाई · मंगळवार, रात्री ९:२५

मी ७१ वर्षांची, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. नातवानं हे खातं उघडून दिलंय, टायपिंगच्या चुका त्याच्या नावावर घाला.

तुम्ही सगळे दुःखावर बोलताय, सुखाच्या समजुतीही तितक्याच लबाड असतात. मालक गेल्यावर मुलांनी मला जुन्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आणलं. लिफ्ट, गॅसची पाइपलाइन, दारात रिक्षा. पहिले दोन महिने मी येईल त्याला स्वयंपाकघर दाखवायची. चौथ्या महिन्यात सोसायटीच्या मिटींगमध्ये पार्किंगवरून भांडत होते. मला गाडी नाही.

नातू सांगतो, अमेरिकेत १९७८ साली लॉटरी लागलेल्यांना विचारून एक अभ्यास झाला. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांहून काही फार सुखी निघाले नाहीत, उलट गप्पा मारणं, नाश्ता करणं असल्या साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली. अपघातात अपंग झालेल्यांनाही विचारलं होतं. लोक म्हणतात तेही पूर्ववत सुखी झाले, पण नातू म्हणतो ते खोटं, ते कमीच सुखी होते, फक्त आपल्याला वाटतं तितके दुःखी नव्हते. पोरगं बारकाईनं वाचतं.

आता माझं. मला सत्तरीपर्यंत वाटायचं की सुख हे काम संपल्यावर मिळतं. वह्या तपासून झाल्या की. मुलं मार्गी लागली की. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला दर जानेवारीत म्हणायची, पुढच्या वर्षी निवांत बघू. नंदीध्वजांची मिरवणूक घराजवळून जायची आणि मी तिळाच्या पोळ्या करत आत. मालक हाक मारायचे, "अगं, आले बघ." मी म्हणायची, आले आले, एवढा घाणा होऊ दे. ते गेल्यावर पहिल्या संक्रांतीला बाहेर जाऊन उभी राहिले. केवढी ती उंच काठी, आणि एकटा माणूस ती तोलून चालतो. त्याचा श्वास ऐकू येत होता. चाळीस वर्षं त्या शहरात राहून मी तो श्वास पहिल्यांदा ऐकला.

कुणी म्हणेल नैराश्य होतं का? नाही हो. फक्त एक समजूत होती, आणि तिनं चाळीस मिरवणुका खाल्ल्या.

---

रात्रपाळी · बुधवार, पहाटे २:४०

सगळं वाचलं. दोनदा.

मी वही केली होती. तीन महिने. माझ्या वाक्यांना पुरावा मिळतो हो. कर्ज आहे, पुरावा आहे. घरात माझ्यामुळं शांतता नाही, पुरावा आहे. मी नसलो तर त्यांचं बरं होईल, हेही हिशेबानं बरोबर येतं. सुईदोरा ताई, तुमचे बेक-एलिस या वाक्याला काय म्हणतात?

---

गोळी_रोज_सकाळी · बुधवार, पहाटे २:५८

मी जागी आहे. तू आता कुठं आहेस? कामावर की घरी? जवळ कुणी आहे का?

सरळ विचारते, राग मानू नकोस : जीव द्यायचा विचार मनात येतोय का? येत असेल तर आत्ता १४४१६ लाव. टेलिमानस. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी एकदा रात्री लावला होता. पलीकडची बाई आधी म्हणाली, "पाणी पिऊन या, मी लाइनवर आहे."

आणि तो हिशेब मीही केला होता. अगदी बरोबर यायचा. बरी झाल्यावर त्याच वहीत तो पुन्हा मांडला तर येईना. आकडे तेच होते.

---

टॉवेलवाला · बुधवार, पहाटे ४:१०

चारची जाग माझी अजून आहे, म्हणून दिसलं. भावा, मी इथं बसलोय. फोन झाला की फक्त एक टिंब टाक. लिहायची गरज नाही.

---

रात्रपाळी · बुधवार, पहाटे ४:३६

.

---

सुईदोरा · बुधवार, सकाळी ७:०५

आत्ता पाहिलं. रात्रपाळी, फोन केलास, फार मोठं काम केलंस. घरातल्या एका माणसाला आजच सांग, आणि आज डॉक्टरांना भेट. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीतही मनोविकार विभाग असतो, केसपेपर काढून जाता येतं. कोणी सोबत नसेल तर मला व्यक्तिगत निरोप टाक.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. 'मी नसलो तर बरं होईल' हे वाक्य वहीत एकट्यानं तपासायचं नसतं. नैराश्य खोल असताना तराजूच वाकलेला असतो, त्यावर काहीही ठेवलं तरी एकाच बाजूला झुकणार. तेव्हा गोळी, माणसं, झोप. वहीतली वाक्यं पळून जात नाहीत.

बाकीच्यांसाठी, हे मला तसंही लिहायचं होतं. विचारांवर काम म्हणजे नुसतं डोक्यातलं काम नाही. १९९६ साली जेकबसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बेकच्या उपचारांचे भाग सुटे करून तपासले. एका गटाला फक्त दिवस आखून कामाला लावलं, विचारांना हात लावला नाही. तो गट पूर्ण उपचार घेतलेल्यांइतकाच सुधारला. आपल्याकडं गोव्यात विक्रम पटेल आणि मंडळींनी याच धर्तीवर साध्या लोकांना शिकवून समुपदेशक केलं, प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा ते आठ बैठका, आणि २०१७ साली छापलेल्या निकालात लोक खरंच बरे होताना दिसले. आधी पाय हलतात, मग डोकं मागून येतं, असंही होतं.

---

परतलेला_पंप · बुधवार, सकाळी ८:३०

रात्रपाळी, मी रोज सहाला किल्ल्याच्या बागेशी चालायला जातो. न बोलता चालणारा माणूस पाहिजे असेल तर मी आहे. बोलणारा पाहिजे असेल तरी आहे.

---

हिशेबनीस · बुधवार, सकाळी ९:१५

कर्जाचे कागद असतील तर मला दाखव. बँक असो की सावकार, व्याज कसं लावलंय ते बघू. हे मी करतो रोज, फी नाही. तो भाग डोक्याबाहेरचा आहे, तो डोक्याबाहेरच सोडवू.

---

टॉवेलवाला · बुधवार, सकाळी ९:४०

मेव्हण्याला काय सांगायचं ते कळलं, आणि आता सांगायची गरजही वाटत नाही.

रात्री जागाच होतो म्हणून माळ्यावरचं पोतं काढलं. धोटे अकरा नाहीत, बाराच आहेत. एक दुसऱ्याच्या आत अडकून बसला होता. आप्पांना दाखवले. त्यांनी एकेक हातात घेऊन टोकं बघितली आणि दोन बाजूला काढले, "हे चांगले आहेत, हे कुणाला तरी लागतील." भद्रावती पेठेत एकाचे अजून दोन माग चालू आहेत, दुपारी त्याच्याकडं जाणार आहे.

---

व्यवस्थापक · बुधवार, सकाळी १०:०५

धागा चालू ठेवत आहोत. कृपया कुणीही इथं औषधांची नावं किंवा डोस लिहू नयेत. केकवरून पुणे-सोलापूर सुरू झालेल्या तीन प्रतिक्रिया वेगळ्या धाग्यात हलवल्या आहेत.

---

रात्रपाळी · बुधवार, सकाळी ११:२०

बायकोला सांगितलं. ती सोबत आहे. केसपेपर काढला. आमचा ४३ नंबर, आत्ता १९ चाललाय.

---

निवृत्त_बाई · बुधवार, सकाळी ११:२४

मग वेळ लागेल. सकाळपासून काही खाल्लंय का दोघांनी?

---

रात्रपाळी · बुधवार, सकाळी ११:३१

नाही. ती खाली चहा-बिस्किटं आणायला गेलीय.